वीजमापनाची परिभाषा : ‘मीटर पळतो’ म्हणण्यापूर्वी

विजेचे बिल नेहमीपेक्षा जास्त आले, की घराघरांतून एकच उद्गार ऐकू येतो : ‘मीटर पळतो आहे.’ उद्गार स्वाभाविक असला, तरी तेवढ्यावर तक्रारीची दखल घेतली जात नाही. बिल फुगण्याची कारणे अनेक असतात. रीडिंग चुकीचे घेतलेले असू शकते, मागील काही महिन्यांचा वापर एकाच बिलात आलेला असू शकतो, गुणक चुकलेला असू शकतो, घरातील वायरिंगमध्ये दोष असू शकतो आणि क्वचित मीटरही खरोखरच सदोष असू शकतो. यांपैकी प्रत्येक प्रकाराला परिभाषेत स्वतंत्र नाव आहे, प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे आणि कायद्याने दिलेला उपायही वेगळा आहे. योग्य शब्द योग्य जागी वापरणारा ग्राहक आपली तक्रार निम्मी सोडवूनच कार्यालयात जातो. त्यासाठी बिलावर, मीटरवर आणि नियमांत वारंवार भेटणाऱ्या प्रमुख संज्ञांचा हा परिचय.

वॅट आणि युनिट

वॅट हे शक्तीचे, म्हणजे वीज वापरण्याच्या वेगाचे माप आहे. युनिट हे ऊर्जेचे, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे माप आहे. एक हजार वॅटचे, अर्थात एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले, की एक किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. तिलाच व्यवहारात एक युनिट म्हणतात. शास्त्रीय मापात हे युनिट ३६ लाख ज्यूलइतके भरते.

दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट होते. ७५ वॅटचा पंखा दहा तास फिरला तर पाऊण युनिट होते. दीड हजार वॅट वीज घेणारे वातानुकूलन यंत्र आठ तास अखंड चालले तर एका रात्रीत १२ युनिट होतात. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबत असल्याने प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी येतो. याउलट १५ वॅटचा राऊटर कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु तो दिवसरात्र चालू राहिल्यास महिन्याला सुमारे ११ युनिट खातो. बिलाविषयी शंका आल्यास घरातील उपकरणांचा असा हिशेब कागदावर मांडणे, ही पहिली पायरी होय.

चालू रीडिंग आणि मागील रीडिंग

मीटर महिन्याचा वापर वेगळा दाखवीत नाही. तो बसविल्या दिवसापासूनची एकूण बेरीज दाखवितो. म्हणूनच बिलावर ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ असे दोन आकडे असतात. मागील रीडिंग ४८७२ आणि चालू रीडिंग ५१०६ असेल, तर वापर २३४ युनिट होय. आकडे संपले की मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पाच आकडी मीटरवर मागील रीडिंग ९९९६० आणि चालू रीडिंग ००१४० दिसत असेल, तर वापर १८० युनिट समजावा.

दशांश चिन्हानंतरचा आकडा बिलासाठी धरला जात नाही. ५१०६.४ हे रीडिंग ५१०६४ असे नोंदविले गेले, तर बिल एकदम लाखोंच्या घरात जाते. हा दोष मीटरचा नसून वाचनाचा असतो. अशा वेळी मीटर तपासणीचा अर्ज करून काही साध्य होत नाही; मीटर क्रमांक आणि आकडे स्पष्ट दिसतील असे छायाचित्र जोडून बिल दुरुस्तीची मागणी करणे हाच योग्य मार्ग ठरतो.

सरासरी बिल आणि समायोजित युनिट

घराला कुलूप असल्यास, मीटर नादुरुस्त असल्यास किंवा अन्य कारणाने रीडिंग मिळाले नाही, तर मागील वापराच्या आधारे ‘सरासरी’ बिल दिले जाते. पुढे प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर आधी आकारलेल्या युनिटांची वजावट किंवा भर केली जाते. महावितरणच्या बिलावर ‘समा. युनिट’ असा जो रकाना दिसतो, तो याच समायोजित युनिटांचा.

सरासरी बिल म्हणजे सवलत नव्हे, तो केवळ तात्पुरता अंदाज असतो, याचा अनुभव राज्याने २०२० मध्ये घेतला. टाळेबंदीत मीटर वाचन थांबले आणि आधीच्या महिन्यांच्या सरासरीवर बिले निघाली. ती सरासरी थंडीच्या महिन्यांची होती. प्रत्यक्षात मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात सारे कुटुंब घरात होते. जूनमध्ये वाचन पुन्हा सुरू झाल्यावर राहिलेला फरक एकत्रितपणे बिलात आला आणि राज्यभर संताप उसळला. त्या वादातील कळीचा शब्द ‘मीटर’ हा नव्हता, ‘सरासरी’ हा होता.

येथे ग्राहकाने एक गोष्ट अवश्य तपासावी. घरगुती दर टप्प्यांचे असतात. महावितरणच्या दररचनेत १०० आणि ३०० युनिट हे दीर्घकाळ महत्त्वाचे उंबरठे राहिले आहेत. तीन महिन्यांचे ३६० युनिट एका महिन्याचे समजले, तर ग्राहक वरच्या टप्प्यात ढकलला जातो. ते तीन महिन्यांत विभागले, तर दरमहा १२० युनिटच होतात. त्यामुळे एकत्रित बिलात टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिला आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियम, २०२० नुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक तात्पुरती बिले देता येत नाहीत. असाधारण परिस्थिती वगळता दोन बिलचक्रांपलीकडे तात्पुरती आकारणी चालू राहिल्यास, प्रत्यक्ष रीडिंगनुसार बिल मिळेपर्यंत ते भरण्यास नकार देण्याची मुभा ग्राहकाला आहे.

मीटरच्या पाटीवरील अक्षरे

मीटरच्या दर्शनी पाटीवर बारीक इंग्रजी अक्षरांत त्याची कुंडली लिहिलेली असते. घरगुती एकफेजी मीटरवर २३० ते २४० व्होल्ट हा दाब आणि ५० हर्ट्झ ही वारंवारिता असते. त्यापुढे ‘५-३० अँपिअर’ किंवा ‘१०-६० अँपिअर’ असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा ‘मूळ प्रवाह’ होय. मीटरच्या अचूकतेच्या चाचण्या त्याच्या आधारे ठरतात. दुसरा ‘कमाल प्रवाह’ होय. तेथपर्यंत मीटरने अचूक मोजणे अपेक्षित असते. त्याहून अधिक प्रवाह सातत्याने गेल्यास मीटर जळण्याचा धोका संभवतो.

याच पाटीवर ‘मीटर स्थिरांक’ असतो. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. गॅलिलिओ फेरारिस या इटालियन शास्त्रज्ञाच्या १८८५ मधील फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या संशोधनाशी हे तत्त्व निगडित असल्याने त्याला ‘फेरारिस मीटर’ असेही म्हणतात. त्यावर ‘६०० फेरे प्रति युनिट’ असा स्थिरांक असे. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरता भाग नसतो, म्हणून परिभाषेत त्याला ‘स्थिर मीटर’ म्हणतात. चकतीची जागा लुकलुकणाऱ्या लाल दिव्याने घेतली असून स्थिरांक ‘३२०० स्पंद प्रति युनिट’ अशा स्वरूपात लिहिलेला असतो. म्हणजे हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की एक युनिट नोंदले जाते.

घरच्या घरी पडताळणी

या स्थिरांकाच्या आधारे ग्राहकाला स्वतः ढोबळ तपासणी करता येते. घरातील सर्व उपकरणे बंद करावीत, फ्रिज आणि राऊटरचे प्लगही काढावेत आणि तापणाऱ्या तारेचा १०० वॅटचा साधा दिवा तेवढा लावावा. स्थिरांक ३२०० असल्यास लाल दिवा सुमारे सव्वाअकरा सेकंदांनी एकदा लुकलुकला पाहिजे. दहा स्पंदांना सुमारे ११२ सेकंद लागले पाहिजेत. सूत्र सोपे आहे : ३६ लाखांना स्थिरांक आणि दोन स्पंदांमधील सेकंद यांच्या गुणाकाराने भागले, की उपकरणाचे वॅट मिळतात.

घरातील दाब कमी-जास्त होत असल्याने थोडा फरक येणारच. ही चाचणी एक-दोन टक्क्यांची चूक पकडू शकत नाही. परंतु मीटर दुप्पट मोजत असेल, तर दहा स्पंद ५६ सेकंदांतच पुरे होतील आणि शंकेला आधार मिळेल. वेळ बरोबर भरल्यास कारण अन्यत्र शोधावे लागेल, हेही ध्यानात घ्यावे.

अचूकता वर्ग आणि क्रीप

कोणताही मीटर शंभर टक्के अचूक नसतो. त्याला किती चूक माफ आहे, हे ‘अचूकता वर्ग’ सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकांचा मीटर १.० किंवा त्याहून सरस वर्गाचा असावा लागतो. म्हणजे प्रमाणित परिस्थितीत चूक साधारण एक टक्क्याच्या आत असावी. ३०० युनिटांच्या वापरावर ही चूक तीन युनिटांची होते. वर्गात बसणारा मीटर बिल दुप्पट करू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. मोठ्या ग्राहकांसाठी ०.५ एस आणि ०.२ एस असे अधिक काटेकोर वर्ग आहेत. त्यांतील ‘एस’ अक्षर अत्यल्प प्रवाहातही अचूकता राखण्याची अट दर्शविते.

‘क्रीप’ म्हणजे काहीच भार नसताना मीटर सरकणे. मुख्य स्विच बंद केल्यावर चकती सतत फिरत राहिली अथवा दिवा लुकलुकत राहिला, तर तो खरा ‘पळणारा’ मीटर समजावा. याउलट ‘आरंभ प्रवाह’ म्हणजे ज्या किमान प्रवाहापासून मीटर नोंद घेऊ लागतो तो प्रवाह. स्थिर मीटरमध्ये तो मूळ प्रवाहाच्या एका टक्क्याहूनही कमी असतो. जुन्या चकतीला घर्षणामुळे जे जाणवत नसे, ते नवा मीटर टिपतो : रिमोटने बंद केलेला टीव्ही, भिंतीत खोचलेला चार्जर, सेट-टॉप बॉक्स. जुना मीटर बदलल्यानंतर बिल थोडे वाढल्यास तो दरवेळी नव्या मीटरचा दोष नसतो. कित्येकदा जुना मीटर वयोमानाने मंदावलेला असतो.

न्यूट्रल आणि गळतीचा दिवा

अनेक आधुनिक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधील प्रवाह मोजतात आणि दोहोंत जो अधिक असेल तो हिशेबात धरतात. चोरी रोखणे हा त्यामागील हेतू आहे. परंतु जुन्या चाळी आणि इमारतींमध्ये दोन घरांचे न्यूट्रल एकत्र जोडलेले असल्यास शेजाऱ्याचा प्रवाह आपल्या मीटरमधून परतू शकतो आणि आपल्या खाती वाढीव वापर पडू शकतो. ओलसर भिंतीतील वायरमधून अथवा खराब गीझरमधून जमिनीत गळती होत असल्यास तीही मोजली जाते.

अशा वेळी मीटरवरील ‘अर्थ’ किंवा ‘गळती’ दर्शविणारा दिवा अथवा चिन्ह उजळते. हा दिवा कायम पेटलेला दिसल्यास वीज कंपनीकडे धाव घेण्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून वायरिंग तपासून घ्यावी. प्रश्न केवळ बिलाचा नसतो. गळती ही जिवाशी गाठ असते.

गुणक अवयव

मोठ्या भाराचा प्रवाह मीटरमधून थेट नेता येत नाही. त्यासाठी ‘करंट ट्रान्स्फॉर्मर’, म्हणजे सीटी वापरून प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी केला जातो. उच्चदाबाच्या ठिकाणी ‘पोटेन्शियल ट्रान्स्फॉर्मर’, म्हणजे पीटी वापरून दाबही कमी केला जातो. मीटर हा कमी केलेला प्रवाह मोजतो. म्हणून रीडिंगला पुन्हा त्याच प्रमाणाने गुणावे लागते. हा आकडा म्हणजे ‘गुणक अवयव’. सीटीचे प्रमाण १००/५ आणि मीटर ५ अँपिअरचा असेल, तर गुणक २० होतो. मीटरवर २०० युनिट दिसले, तर वापर चार हजार युनिट असतो. घरगुती मीटर थेट जोडलेला असल्याने तेथे गुणक १ असतो. बिलावर अन्य आकडा दिसल्यास तत्काळ विचारणा करावी.

गुणकाची चूक किती महाग पडते, हे हरियाणातील एका सूत उत्पादक उद्योगाच्या प्रकरणातून दिसून आले. भार वाढवून घेतल्यानंतर नव्या मीटरचा गुणक १० असताना तो ५ असा नोंदविला गेला. २००६ पासून २००९ पर्यंत निम्म्याच विजेची बिले निघाली. चूक ध्यानात आल्यावर वितरण कंपनीने सुमारे १ कोटी ३५ लाख रुपयांची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उद्योगाचे अपील फेटाळले. वापरलेल्या विजेचे सुटलेले बिल मागणे म्हणजे सेवेतील त्रुटी नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सोसायटीच्या पंप-लिफ्टच्या जोडणीवर सीटी असल्यास पदाधिकाऱ्यांनी सीटीचे प्रमाण आणि बिलावरील गुणक जुळतात का, हे मीटर बदलताच पाहावे. कमी बिल आले म्हणून गप्प राहणे शेवटी हिताचे ठरत नाही.

मंजूर भार आणि महत्तम मागणी

‘मंजूर भार’ म्हणजे वीज कंपनीने किती किलोवॅटपर्यंत पुरवठा मान्य केला आहे तो आकडा. ‘जोडभार’ म्हणजे जागेत बसविलेल्या सर्व उपकरणांच्या क्षमतेची बेरीज. ही सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून ‘महत्तम मागणी’ ही तिसरी संज्ञा येते. महाराष्ट्रातील नियमांनुसार सलग तीस मिनिटांच्या खंडात वापरलेल्या सर्वाधिक युनिटांची दुप्पट म्हणजे महत्तम मागणी. महिन्यातील एखाद्या अर्ध्या तासात ९ युनिट वापरले गेले असतील, तर महत्तम मागणी १८ किलोवॅट होते. उरलेला महिना दुकान बंद असले तरी हा आकडा बदलत नाही.

स्मार्ट मीटर महत्तम मागणीची नोंद आपोआप ठेवतो, त्यामुळे घरगुती ग्राहकांसाठीही ही संज्ञा महत्त्वाची झाली आहे. २०२३ च्या नियमदुरुस्तीने येथे संरक्षण दिले आहे. स्मार्ट मीटर बसविल्यानंतर आढळलेल्या जादा मागणीवरून त्यापूर्वीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही. तसेच आर्थिक वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला गेला असेल, तरच तो वाढविता येतो.

पॉवर फॅक्टर आणि केव्हीए-तास

मोटार, पंप, जुन्या ट्यूबलाइटची चोक अशी उपकरणे जाळ्यातून जितका प्रवाह घेतात, तितके काम करीत नाहीत. काही प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी येतो आणि परत जातो. प्रत्यक्ष काम करणारी शक्ती किलोवॅटमध्ये, तर घेतलेली एकूण शक्ती किलोव्होल्ट-अँपिअर, म्हणजे केव्हीएमध्ये मोजतात. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे ‘पॉवर फॅक्टर’ अर्थात शक्तिगुणांक. दहा किलोवॅट काम करणाऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर तिला साडेबारा केव्हीए घ्यावे लागतात.

महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटपेक्षा अधिक भाराच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीए-तासावर आधारित आकारणी लागू करण्यात आली. पॉवर फॅक्टर घसरल्यास त्यांचे बिल वाढते. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवून तो सुधारता येतो. सर्वसाधारण घरगुती बिल मात्र किलोवॅट-तासावर निघते. म्हणूनच सॉकेटमध्ये खोचताच ‘बिल निम्म्यावर आणणारे’ म्हणून विकले जाणारे डबे घरगुती ग्राहकांच्या उपयोगाचे नसतात. त्यांत बहुधा एक लहान कपॅसिटर असतो आणि घरचा मीटर जे मोजतच नाही, ते सुधारण्याचा तो प्रयत्न करतो.

स्मार्ट मीटर आणि टीओडी

‘स्मार्ट मीटर’ म्हणजे दुतर्फा संपर्क साधणारा मीटर. तो ठरावीक अंतराने रीडिंग मुख्य संगणकाकडे पाठवितो आणि तेथून आलेली आज्ञाही पाळतो. पुरवठा दुरून बंद करणे वा जोडणे त्याला शक्य असते. या मीटरसाठी भारतीय मानक आयएस १६४४४ हे आहे. ‘प्रीपेड’ हा शब्द मीटरचा प्रकार दर्शवीत नाही. तो पैसे भरण्याची पद्धत सांगतो. तोच मीटर पोस्टपेड पद्धतीनेही चालतो. हा भेद न समजल्याने बराच गोंधळ झाला. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले जाणार नाहीत, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर घरोघरी बसविण्यात येऊ लागलेले मीटर ‘टीओडी मीटर’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांचे बिल वापरानंतर येते.

‘टीओडी’, म्हणजे ‘टाइम ऑफ डे’, ही वेळेनुसार बदलणाऱ्या दराची पद्धत होय. २०२३ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनुसार आयोगाने ठरविलेल्या आठ ‘सौर तासांत’ दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, अशी तरतूद आहे. कमाल मागणीच्या वेळी मात्र तो जास्त असतो. राज्यातील प्रत्यक्ष वेळा आणि सवलतीचा आकडा राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशाने ठरतो. अशा मीटरवर एकूण युनिटांइतकेच ते कोणत्या वेळखंडात नोंदले गेले, हेही महत्त्वाचे असते. मीटरचे घड्याळ चुकले, तर युनिट बरोबर असूनही बिल चुकू शकते.

‘लोड सर्व्हे’ म्हणजे मीटरच्या स्मृतीत साठलेली खंडवार वापराची नोंद. ‘टॅम्पर इव्हेंट’ म्हणजे झाकण उघडणे, चुंबक जवळ आणणे, न्यूट्रल तोडणे अशा घटनांची तारीखवार नोंद. वाद उद्भवल्यास हा तपशील मागावा; तो अनेकदा ग्राहकाच्याही बाजूने बोलतो.

नेट मीटरिंग

छतावर सौर पॅनेल बसविणाऱ्यांसाठी ‘नेट मीटर’ दोन नोंदी ठेवतो. जाळ्यातून घेतलेली वीज म्हणजे ‘आयात’ आणि जाळ्याला दिलेली वीज म्हणजे ‘निर्यात’. आयात २५० आणि निर्यात १८० युनिट असल्यास ऊर्जेचे बिल ७० युनिटांचे होते. पॅनेलने एकूण निर्माण केलेली वीज ‘निर्मिती मीटर’ स्वतंत्रपणे मोजतो. निर्मिती आणि निर्यात हे आकडे समान नसतात. दिवसा घरातच वापरली गेलेली सौर वीज निर्यातीत दिसत नाही. ‘तीनशे युनिट तयार झाले, मग बिलात दीडशेच का?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा येथे मिळते.

अनधिकृत वापर आणि चोरी

तपासणीला आलेले पथक हातात कागद देते, तेव्हा त्यावर कोणते कलम आहे हे प्रथम पाहावे. वीज कायदा, २००३ चे कलम १२६ ‘अनधिकृत वापरा’विषयी आहे. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालविणे हे त्याचे ठळक उदाहरण. यात दुप्पट दराने आकारणी होते. गैरवापराचा काळ निश्चित करता न आल्यास ती तपासणीपूर्वीच्या १२ महिन्यांपुरती मर्यादित राहते. प्राथमिक आदेशावर हरकत घेण्याची संधी ग्राहकाला मिळते. अंतिम आदेशावर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

कलम १३५ ‘वीजचोरी’विषयी आहे. मीटरला वळसा घालणे, आकडा टाकणे, मीटरमध्ये फेरफार करणे हे त्यात येते. हा फौजदारी गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चोरीसाठी अप्रामाणिक हेतू आवश्यक असतो. केवळ मीटर मंद चालतो एवढ्यावरून ग्राहक चोर ठरत नाही. मंद मीटर, अनधिकृत वापर आणि चोरी हे तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे परिणामही अगदी वेगळे आहेत.

तक्रारीचा मार्ग

अचूक मीटरशिवाय वीज देता येणार नाही, हे तत्त्व वीज कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. मीटरविषयी तक्रार आल्यास कंपनीने ३० दिवसांत त्याची चाचणी करणे २०२० च्या नियमांना अभिप्रेत आहे. जागेवरील तपासणी बहुधा ‘ॲक्युचेक’ नावाच्या उपकरणाने होते. तिचे समाधान न झाल्यास प्रयोगशाळेतील चाचणी मागता येते. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार असेल, तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करण्याची तरतूद आहे.

मीटर सदोष आढळल्यास राज्याच्या पुरवठा संहितेनुसार बिलाची दुरुस्ती वाद उद्भवलेल्या महिन्यापूर्वीच्या कमाल तीन महिन्यांपुरती होते. म्हणून शंका आल्यावर सहा महिने वाट पाहणारा ग्राहक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

वादग्रस्त बिल नुसते न भरणे धोक्याचे ठरते. कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. मात्र मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांपैकी कमी असलेली रक्कम ‘हरकत नोंदवून’ भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी आणि बिलांत सातत्याने थकबाकी म्हणून न दाखविलेली रक्कम वसूल करण्यावरही याच कलमाने मर्यादा घातली आहे. परंतु चूक उशिरा ध्यानात आल्यास कंपनी पुरवणी मागणी करू शकते, फक्त त्यासाठी पुरवठा तोडण्याचे हत्यार वापरू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात फेब्रुवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

कंपनीकडून दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. मंचाचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. कलम १२६ आणि १३५ खालील प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेबाहेर राहतात.

या सर्व पायऱ्यांवर ग्राहकाला एकच पुरावा सातत्याने उपयोगी पडतो : महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, मीटर क्रमांक दिसेल असे काढलेले रीडिंगचे छायाचित्र. वर्षभराची अशी बारा छायाचित्रे हाती असली, की वाचनाची चूक, सरासरीचा फरक आणि मीटरचा दोष वेगवेगळे करता येतात. मग अर्जात ‘मीटर पळतो’ असे मोघम लिहिण्याची गरज उरत नाही. नेमके काय चुकले, ते त्याच्या नावानिशी लिहिता येते.